पाळकाने शेवटी घ्यावं

धीर देण्यात माझा हात धरणारा आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी नव्हता. कोणाची गिरणीतली नोकरी सुटली, कोणाचं पोर परीक्षेत आपटलं, कोणाच्या घरी मयत झालं, की लोक म्हणत, मास्तरांना बोलवा. मी जायचो, टोपी काढून मांडीवर ठेवायचो आणि बोलायला लागायचो. बोलणं छान व्हायचं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, ते पाहून माझेही. घरी परतताना मला अगदी मोकळं वाटायचं. ज्यांच्या घरून मी उठून आलो त्यांना माझ्यामागे कसं वाटत असेल, हा प्रश्न मला पस्तिशी उलटेपर्यंत पडला नाही. तो पडला तेव्हा माझ्या सर्वांत जवळच्या मित्राचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तो आणि मी सोलापुरात मिशनच्या बोर्डिंगात एकत्र वाढलो. मी महाराचा, तो मांगाचा. बाप्तिस्मा होऊन दोघंही ख्रिस्ती झालो होतो आणि मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या नियमाने एका पंगतीत जेवत होतो. जात गेली, असं आम्हाला सांगितलेलं होतं. मोठ्या सुटीत मी घरी गेलो की माझी आई मला दारातच थांबवायची आणि अंगावर दोन बादल्या पाणी घ्यायला लावायची. हीच माझी आई रविवारी उपासनेला पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्या आवाजात गायची. "तितं कुणाकुणाच्या मांडीला मांडी लावून जेवतुयास, त्या देवालाच ठावं," म्हणायची. मी मुकाट्याने अंघोळ करायचो. परत बोर्डिंगात आलो की मित्र विचारायचा, घरी काय काय केलंस? मी त्याला सगळं सांगायचो, एवढं सोडून.

त्याचा बाप गिरणीत होता, पण साच्यावर, म्हणजे मागावर, त्याला कधी घेतलं नाही. धोटा भरताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि त्याच्या तोंडाचं सूत बाकीच्या विणकऱ्यांना चाललं नसतं. म्हणून तो जन्मभर खात्यातला कचरा झाडत राहिला. मित्र हे सांगायचा तेव्हा हसत सांगायचा. "आमच्या तोंडाला काय काटे आहेत का रे?" म्हणायचा. मीही हसायचो.

शहरातला लष्करी कायदा उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. वर्तमानपत्रांत तळ्यांच्या पाण्यावरून, देवळांच्या दारांवरून चाललेल्या झगड्यांच्या बातम्या यायच्या, त्या मी वर्गात खडखडीत आवाजात वाचून दाखवायचो आणि वाचता वाचता संतापायचो. मित्र नगरला धर्मशिक्षण पुरं करून आला होता. गळा गोड, पाठांतर पक्कं, आणि माणूस असा की कोणी शिवी दिली तर हा त्यात स्वतःची चूक शोधणार. त्याला पाळक म्हणून नेमायचं ठरलं. नेमणूक झाली भीमेच्या पलीकडे, मंगळवेढ्याच्या वाटेवरच्या एका गावात. तिथे दोन वर्षांपूर्वी सबंध महारवाड्याने एकदम बाप्तिस्मा घेतला होता. मंडळी नवी, पाळक नवा. साहेब म्हणाले, याहून चांगली जोडी मिळायची नाही.

ही बातमी मित्राच्या आधी मला कळली होती. कारण त्या गावचे मंडळीचे वडील आधी माझ्याकडे येऊन गेले होते. वडील म्हणजे मंडळीने आपल्यातून निवडलेला मुख्य माणूस. हे गृहस्थ उंच, पांढऱ्या मिशांचे, फेटा नीट बांधलेले. शाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी आधी पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या, माझ्या आईची चौकशी केली, मग आवाज खाली आणला.

"मास्तर, तुमी आपल्यातलं हायसा म्हून बोलतो. सायबापुडं न्हाय बोलता येत. नवा पाळक लई ग्वाड गातोय म्हनं, शिकल्याला हाय, समदं खरं. पर त्येच्या तोंडचा प्याला कसा घ्यायचा, ते सांगा की."

प्रभुभोजनाचा प्याला आमच्याकडे एकच असायचा. मनुका भिजवून, कुस्करून त्यांचा रस काढायचा, तो प्याल्यात ओतायचा. पाळकाने आधी स्वतः घोट घ्यायचा आणि मग प्याला रांगेतून फिरायचा, म्हातारीपासून सुनेपर्यंत. सगळे एकाच काठाला तोंड लावायचे. त्यातच त्या विधीचा सगळा अर्थ होता, आणि वडिलांची अडचणही त्यातच होती.

त्यांना उठवून लावायला हवं होतं. निदान, मग बाप्तिस्मा कशाला घेतलात, एवढं तरी विचारायला हवं होतं. पण ते 'आपल्यातलं' म्हणाले होते, आणि गावचा एवढा मोठा माणूस माझ्यापुढे हात जोडून सल्ला मागत होता. मी म्हणालो, "मी काढतो काहीतरी वाट." वाट काढण्याची मला फार हौस.

चार दिवसांनी मित्र नेमणुकीचा कागद घेऊन आला. शाळा सुटली होती, गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. कागद त्याने बाकावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडूची पेटी ठेवली.

"खरं सांग," तो म्हणाला, "ते माझ्या हातचं घेतील का रे?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते त्याच ओसरीवर बसून गेलं होतं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

अर्धा तास बोललो असेन. त्याच्या गळ्याबद्दल, त्याच्या श्रद्धेबद्दल, नव्या मंडळीच्या भुकेबद्दल. मग हळूच मुद्द्यावर आलो. "एक कर. तिथे पहिल्या रविवारपासून नवी रीत पाड. आधी मंडळीला दे, तू शेवटी घे. गुरूने वाकून शिष्यांचे पाय धुतले, मग पाळकाने सगळ्यांच्या मागून घेतलं तर त्यात काय गेलं? उलट त्यांना कळेल की हा हुकूम गाजवायला आला नाही, सेवा करायला आलाय."

त्याचा चेहरा उजळला. अजूनही तो माझ्या डोळ्यांपुढे येतो आणि मला स्वतःची किळस येते. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "हे मला नगरला कोणी शिकवलं नाही."

त्याच आठवड्यात मंगळवेढ्याला जाणाऱ्या एका माणसाबरोबर मी वडिलांना निरोप धाडला की प्याल्याची काळजी नको, पाळक मागून घेतील. मित्राला धीर मिळाला, वडिलांना सोय मिळाली, आणि मला दोन्हीकडून आभार मिळाले. इतका नफ्याचा आठवडा माझ्या आयुष्यात दुसरा आठवत नाही.

मित्र बायकोला घेऊन गेला. त्याच्या मागोमाग मी तोच सल्ला पत्रातही लिहून पाठवला. पंधरा दिवसांनी पहिलं पत्र आलं. उपासना चांगली झाली, गाणी लोकांनी पटकन उचलली, प्याला सर्वांनी घेतला. 'तू सांगितल्याप्रमाणे मी शेवटी घेतला. प्याल्यात घोटभरच उरला होता, पण तेवढा पुरला.' आणि खाली लिहिलं होतं, 'तुझं मागचं पत्र मी उपासनेनंतर मंडळीला वाचून दाखवलं. लोकांना फार आवडलं.'

नव्या मंडळ्यांत ही पद्धतच होती. प्रेषितांच्या काळात बाहेरगावच्या भावांची पत्रं मंडळीत मोठ्याने वाचत, तेव्हा आपणही वाचावीत, असं त्या लोकांना शिकवलेलं. त्या गावात पाळकाखेरीज कोणाला अक्षरओळख नव्हती, पत्रही वर्षाकाठी एखादं यायचं. सोलापूरच्या मास्तरचं पत्र वाचायचं म्हटल्यावर बायकासुद्धा पोरांना गप्प करून ऐकत. मित्राने ते वाचलं प्रेमापोटी. माझा मित्र मला असं लिहितो, हे त्याला चारचौघांत मिरवायचं होतं. खाजगी पत्र आहे, त्यातला सल्ला आपल्यापुरता आहे, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि मी? मी बाजारात जाऊन चांगला कागद आणला. पुढच्या पत्राचा मायना मी 'प्रिय मित्रा' असा घातलाच नाही, 'देवाच्या प्रिय मंडळीस व तिच्या पाळकास' असा घातला. त्यात पाळकाने सर्वांच्या मागून घेण्यातलं सौंदर्य दोन पानं उलगडून सांगितलं. मित्राने तेही वाचून दाखवलं, स्वतःच्या गोड आवाजात.

मग त्याची पत्रं येत राहिली. एकात होतं, वडील म्हणतात, प्याला रांगेतून फिरवण्याचं काम त्यांनी करावं, मी टेबलाशी उभं राहावं. तुला काय वाटतं? मी लिहिलं, काम वाटून घेणारी मंडळी धन्य होय. पुढच्यात होतं, प्याल्यात शेवटी काही उरत नाही म्हणून माझ्यासाठी पितळेची वाटी वेगळी केली आहे. तुला काय वाटतं? आता हे उत्तर सगळ्यांसमोर वाचलं जाणार. वडील ऐकणार. मी लिहिलं, मंडळीच्या प्रेमाचा अव्हेर करू नये. त्यानंतर होतं, भाकर आता वडीलच मोडतात. त्या पत्रात 'तुला काय वाटतं' हे शब्द नव्हते. तरी मी उत्तर दिलं.

त्याच सुमाराला त्याने एकदा लिहिलं, 'इथे आता माझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या पत्राला जास्त मान आहे.' मी ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं, आईला वाचून दाखवलं, शाळेतल्या दोघा मास्तरांना सहज म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी ज्वारीची रास झाल्यावर त्या मंडळीने सुगीच्या उपासनेला मला पाहुणा म्हणून बोलावलं. मोटारीने नदीपर्यंत गेलो. नावेतून पलीकडे उतरलो तर वडील स्वतः काठावर उभे. माझी पिशवी त्यांनी मला हातात धरू दिली नाही. गाव कोसभर होतं. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापलेल्या ज्वारीची धसकटं, आणि वडील पुढे चालत चालत मान वळवून बोलत होते.

"तुमच्या पत्रापरमानं समदं बेस चाललंय, मास्तर. कुनाचं कायबी तोंड वाजत न्हाय."

"पाळक बरे आहेत ना?"

"लई गुनाचं मानूस. हाकंला उभं ऱ्हातंय. परवा मांगवाड्यातली दोन घरं आलती, आमास्नीबी मंडळीत घ्या म्हनत. मी म्हनलं, या की, कोन नगं म्हनतंय. पर पाळकाच्या मागनं घ्यायचं, त्येच्या वाटीतनं. सोलापूरच्या पत्रात तसंच लिवलंय."

"मी असं लिहिलं नव्हतं," मी म्हणालो.

"मागनं घ्यावं, हे लिवलंय न्हवं?"

"ते पाळकासाठी."

"व्हय की. मग त्येंच्या लोकास्नी न्यारं कशाला?" ते सरळ मनाने म्हणाले. त्या माणसाला यात काही वाकडं दिसतच नव्हतं. मी जे दोन-दोन पानं सजवून लिहिलं होतं, त्यातलं नेमकं हाड त्याने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. गावातला सगळ्यांत चांगला वाचक तो निघाला, अक्षर येत नसताना.

त्या कोसभरात मला सगळं दिसलं आणि मी मनाशी ठरवलं. आज प्याला माझ्याकडे आला की म्हणायचं, मी पाळकांबरोबर घेईन. मग मित्राने त्या पितळेच्या वाटीतून घोट घेतला की त्याच वाटीला सगळ्यांदेखत तोंड लावायचं. ज्या तोंडाने हे सुरू केलं त्याच तोंडाने ते मोडायचं. एका घोटाचं काम होतं. एक मास्तर, पत्र लिहिणारा, पाहुणा म्हणून आलेला. माझ्या घोटामागे निदान चार माणसं आली असती, आणि मित्र त्या गावात पाळक म्हणून उभा राहिला असता. इतकं ते सोपं होतं, हे मी आजही सांगतो.

मातीच्या भिंती आणि वर पत्रे, असं त्यांचं उपासनेचं देऊळ. दाराशी कणसांच्या पेंढ्या रचलेल्या, आत माणूस मावत नव्हतं. मित्र टेबलामागे उभा होता. वाळला होता. मला पाहून हसला, पण टेबलामागून हलला नाही. टेबलावर भाकर आणि प्याला होता. वाटी टेबलावर नव्हती. ती मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात होती, पणतीच्या शेजारी.

तो गायला. त्याचा गळा तसाच होता. त्याने प्रार्थना केली आणि मागे सरला. वडील पुढे झाले, त्यांनी भाकर मोडली, वाटली, मग दोन्ही हातांनी प्याला उचलला आणि रांगेच्या टोकाशी असलेली म्हातारी सोडून ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमी पयले."

मित्र माझ्याकडे बघत होता. त्याला माझा बेत माहीत नव्हता, तरी तो बघत होता. एवढ्या दिवसांनी आलेला आपला माणूस काय करतो, असं. मला तीनच शब्द बोलायचे होते. कोणी मला मारणार नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. त्या गावात माझं ना घर, ना शेत, ना सोयरीक. भ्यायला काहीसुद्धा नव्हतं, आणि मी भ्यालो असंही नाही. फक्त ते 'पयले' कानाला गोड लागलं. सगळा महारवाडा माझ्याकडे आदराने बघत होता, आणि तो आदर त्या क्षणी मला मित्राहून प्रिय वाटला.

मी प्यालो. रस गोड होता.

मग प्याला फिरत फिरत दारापर्यंत गेला आणि रिकामा होऊन आला. मित्र भिंतीकडे वळला, त्याने कोनाड्यातली वाटी घेतली, आमच्याकडे पाठ करूनच घोट घेतला आणि खांद्यावरच्या फडक्याने स्वतःच पुसून परत जागेवर ठेवली. दाराबाहेर मांगवाड्यातली दोन माणसं बसली होती. ती त्या वाटीची वाट बघत होती की नुसती बसली होती, मला कळलं नाही. तिकडे कोणी गेलं नाही. वडिलांनी मला दोन शब्द बोलण्याची विनंती केली. मी उभा राहिलो, टोपी काढली आणि नम्रतेवर बोललो. लोकांचे डोळे भरून आले. मित्राचे कोरडे होते.

नंतर त्याच्या घरी गेलो. एक खोली, पुढे पडवी. त्याची बायको बार्शीकडची, बोर्डिंगात शिकलेली, लग्नात माझी थट्टा करणारी. ऊन वर आलं होतं, घसा सुकला होता. मी म्हणालो, "वहिनी, आधी पाणी द्या."

"मागवलंय, भावजी. वडिलांच्या घरून येतंय."

"त्यांच्या घरून कशाला? घरचं द्या की. मी काय परका आहे?"

"अगं, दे त्याला," मित्र म्हणाला.

ती चुलीपाशी होती, तिथून उठली नाही. "घरचं तुम्ही घ्याल, ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "घरात कोण बघतंय? घरात तुम्ही माझ्या हातचं जेवालसुद्धा. म्हणूनच देत नाही."

तेवढ्यात वडिलांची सून तांब्या घेऊन आली. ती पडवीची पायरी चढली नाही, अंगणातच उभी राहिली. पाणी हवं तर मला उठून खाली जावं लागणार होतं. मी उठलो, खाली गेलो आणि ओंजळ पुढे केली. तहान लागली होती. सगळा तांब्या संपेपर्यंत मी प्यालो, आणि वर बघितलं तेव्हा वहिनींनी दार लोटून घेतलेलं होतं.

मित्र मला नदीपर्यंत सोडायला आला. वाटभर तो रानातल्या पिकाबद्दल बोलत होता. माझ्या मनात काय काय होतं. मी तुला फसवलं, पहिल्या दिवसापासून फसवलं, वडील आधी माझ्याकडे आले होते, हे सगळं ओठांवर येऊन थांबत होतं. नाव काठाला लागली. मी त्याचा हात धरला आणि तोंड उघडलं, आणि सवयीने जे बाहेर पडायचं तेच पडलं.

"धीर सोडू नकोस," मी म्हणालो.

त्या दिवसात तो पहिल्यांदा मनापासून हसला. अगदी बोर्डिंगातल्यासारखा.

"हे पत्रात लिही," तो म्हणाला. "रविवारी वाचून दाखवतो."